मास्तरांनी बेतलेलं यान

मास्तर शाळेतले नव्हेत, शिंपीकामातले. उभा जन्म कात्री हातात धरून काढलेला माणूस. चौकातल्या त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकानं पाऊल टाकायच्या आत त्याची छाती-कंबर नजरेनं मोजून झालेली असायची. जिभेला मात्र हाड नव्हतं. "पोट आत ओढू नका साहेब," ते म्हणायचे, "शर्ट घालून तुम्हाला श्वासही घ्यायचाय." गिऱ्हाईक ओशाळं हसायचं आणि पुढचं कापड घेऊन पुन्हा त्यांच्याकडेच यायचं.

हे सगळं हळूहळू झडत गेलं. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग घराचा रस्ता, मग बायको वारली आहे हेसुद्धा. "तुझी आई कुठाय?" असं ते लेकीला रोज विचारत. लेक रोज खरं सांगे आणि रोज त्यांचं नव्यानं रडणं बघे. शेवटी ती "बाजारात गेलीय" म्हणायला शिकली.

एकदा मास्तर गॅसची शेगडी नुसती उघडी ठेवून बाहेर पडले. वरच्या मजल्यावरच्या काकूंना वास आला म्हणून निभावलं. त्याच संध्याकाळी दादाचा, तिच्या थोरल्या भावाचा, दुसऱ्या शहरातून फोन आला.

"ठमे, आता पुरे. इथल्या वृद्धांच्या केंद्रात मी बोलून ठेवलंय. तिथं माणसं असतात, डॉक्टर असतो."

"आणि मी कोण? भाडेकरू?"

"तू दिवसभर छापखान्यात असतेस. वेड पांघरू नकोस."

"त्यांच्या हाताला काम हवंय रे. काम असलं की ते जागचे हलत नाहीत. तू येऊन डोळ्यांनी बघ, मग बोल."

"महिन्यानं येतो. रमलेले दिसले तर राहू देत. नाहीतर मी घेऊन जाणार."

बोलून तर बसली, पण काम कुठून आणायचं? कापड दिलं की मास्तर थांबतच नसत. पडदे, चादरी, तिची ओढणी, सगळं कात्रीखाली जाई. छापखान्यात यंत्रावर जाड कागद चढवताना तिला ते यान आठवलं. ती लहान असताना दुकानातल्या छोट्या टीव्हीवर अंतराळाची एक मालिका लागायची. बापलेक शर्टांना बटणं लावत ती बघायचे. तिला ताऱ्यांचं वेड, मास्तरांना कपड्यांचं. "सूर्यमाला ओलांडून निघालेत," ते करवादायचे, "आणि कॅप्टनची कॉलर बघ, मानेला सोडून पळालीय!" त्या यानाचे कापून जोडायचे भाग कुणा हौशी माणसानं इंटरनेटवर ठेवले होते. मालकांना विचारून तिनं ते जाड कागदावर छापून घेतले.

मास्तरांनी पहिला कागद उजेडात धरला, पालथा केला, त्यावरून अंगठा फिरवला. "पोत बरा आहे."

"यान आहे बाबा, आपलं टीव्हीतलं. सलग रेघेवर कापायचं, तुटक रेघेवर मोडायचं."

"मला शिकव तू," मास्तर म्हणाले. कात्री अशी सरळ धावली की लेकीचा ऊर भरून आला.

पण कात्री रेघेवरून गेलीच नव्हती. रेघेबाहेर बोटभर जागा सोडून, सगळीकडून सारखी, ती फिरली होती. कापड बेतताना शिवणीसाठी सोडतात तशी. कागदाला कुठली शिवण? चिकटवायच्या पट्ट्या भागांवर आधीच आखलेल्या होत्या. एवढी जादा कड ठेवली तर एकही जोड बसणार नव्हता. तिनं सांगून पाहिलं.

"मग शिवणीला काय माझी कातडी लावू?" मास्तर कडाडले.

तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही. दुपारी काकू खाली येऊन बसत, मास्तर कापत राहत. ती कामावरून आली आणि मास्तर हात धुवायला उठले, की ती गुपचूप जादा कडा छाटून टाकी आणि भाग त्यांच्यापुढे सरकवी. डिंक लागला की जोड चपखल बसे आणि मास्तर समाधानानं मान डोलवत. त्यांना आकृती कळतेय, लेक मनाशी म्हणे. यान कळतंय. कडांचं काय, हाताची सवय आहे ती. दादाला ती फोटो पाठवी.

"हे बाबांनी केलं?"

"नाहीतर काय शेजाऱ्यांनी?"

दादा आला त्या सकाळी यानाचं धड तयार होतं. हातभर लांब नळकांडं, एका बाजूला रुंद, दुसरीकडे निमुळतं. पुढचं टोक आणि मागची इंजिनं तेवढी लावायची राहिली होती. मास्तर मेजाशी ताठ बसून काम करत होते, दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. तिनं मुद्दाम दादाची खुर्ची त्यांच्याजवळ मांडली.

"झकास झालंय, बाबा," दादा म्हणाला. मनापासून म्हणाला.

मास्तरांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. ओळखलं! लेकीला वाटलं.

"आलात? अगदी वेळेवर. हात पुढे करा, साहेब."

दादानं नकळत हात पुढे केला. मास्तरांनी ते यान अलगद त्याच्या मनगटावरून वर चढवलं. ते कोपराशी अडकलं. त्यांनी दोन बोटं आत घालून पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तंग होतंय. मी जागा सोडली होती. कुणीतरी खाल्ली. दुसरी बाही अजून बेतायचीय, तिच्यात बघतो."

महिनाभर लेक यान जोडत होती. ते एकटे बाही शिवत होते.

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. हात तसाच पुढे धरून तो हळूच म्हणाला, "राहू देत गं, ठमे. रमलेत ते. मी केंद्राला कळवतो, सध्या नको म्हणून."

एवढं एकच वाक्य ऐकायला तिनं जिवाचं रान केलं होतं.

"नको," ती म्हणाली. "ती जागा मीच खाल्ली. त्यांनी कापलेलं सगळं मी मागून कापत होते. आणि परवा पुन्हा गॅस उघडा होता. काकू पाणी प्यायला वर गेल्या तेवढ्यात. तुला सांगितलं नाही. घेऊन जा त्यांना, दादा. माझ्यानं नाही होत."



"उसवून देतो," मास्तर म्हणाले. त्यांनी यान काढून घेतलं, ब्लेड उचललं आणि लांब जोड एका टोकापासून उकलायला घेतला. वाळलेल्या डिंकाबरोबर कागदाचे पापुद्रे निघत होते. मास्तर ते फुंकरीनं उडवत होते. "डिलिव्हरी कधी हवी, साहेब?"

दादानं बहिणीकडे पाहिलं. केंद्रातली खाट गुरुवारी रिकामी होणार होती.

"गुरुवारी," तीच म्हणाली.

"गुरुवारी? मग घाई करायला हवी." मास्तर उसवणीवर आणखी वाकले. "साहेब, त्या बाईंना जरा दिवा लावायला सांगा."

मेजभर ऊन पसरलं होतं. ती उठली आणि तिनं दिवा लावला.