रांगोळीखालचे रोडगे

नातीच्या उन्हाळी शिबिरात शेवटच्या दिवशी विस्तवाशिवाय स्वयंपाक करायचा असतो. म्हणजे भेळ कालवायची, ब्रेडला काहीबाही फासायचं, काकडीची फुलं कातरायची आणि पालकांनी मोबाइल उंच धरून त्याचे फोटो काढायचे. यंदा जालन्याला मीही गेले होते बघायला. नात म्हणाली, "आज्जी, तुमच्या वेळी असायचं का गं असलं काही?" म्हटलं, असायचं की. फक्त आमच्याकडं विस्तव असायचा आणि भांडी नसायची.

आमचं शिबिर बदनापूरला, एका शाळेच्या मैदानात, ऐन मे महिन्यात. मी धावड्याहून आलेली, दोन घट्ट वेण्या आणि गळ्यात शिट्टीची दोरी. शिट्टी शिबिराच्या बाईंकडं, गटप्रमुख पोरीला नुसती दोरी मिळायची. पण मी ती अशी मिरवायचे, की मैदान जणू माझ्याच बापाचं.

शेवटचे दोन दिवस ठरलेले असायचे. आदल्या दिवशी बिनभांड्याचा स्वयंपाक. शेवटच्या संध्याकाळी पालक यायचे आणि स्वयंपाकात जिंकलेल्या गटाच्या प्रमुखानं त्यांच्यासमोर शेकोटी पेटवायची. जमीन तव्यासारखी तापलेली आणि आम्ही शेकोटीभोवती बसून, घाम पुसत, गाणी म्हणायचो. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. मला तर ती शेकोटी पेटवायचीच होती. कारण घरून निघताना माय म्हणाली होती, "जा बाई. इथं चूल पेटवता येत न्हाई, तिथं तरी शिक." तिच्या डोळ्यांदेखत मैदानभर उजेड पाडायचा, एवढं एकच माझ्या डोक्यात.

बाकीचे गट बटाटे नाहीतर वांगी भाजणार होते. आमच्या पोरीही तेच म्हणत होत्या. मी हात वर केला. "रोडगे करू."

"तुला येतेत?" माझी मैत्रीण म्हणाली.

"आमच्यात मेंढरामागं हिंडताना कोण भांडी घेऊन हिंडतंय? रोज रोडगेच असत्यात."

सपशेल खोटं. माझ्या आजोळची माणसं मेंढरं घेऊन निघाली, की घोड्यावर तवा, परात, पातेली, इतकंच काय, वरवंटासुद्धा लादलेला असायचा. आणि रोडगे मी केलेले नव्हते, खाल्लेले होते, तेही तूप दोनदा मागून. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, एवढ्या ज्ञानावर माझं पुढारपण उभं होतं.

धुतलेल्या फरशीवर पीठ मळलं. तेवढ्यात मैत्रीण पळसाची पानं घेऊन आली आणि एकेक गोळा गुंडाळायला लागली.

"लग्नातले लाडू हायेत का हे?" मी विचारलं.

"मला राख खायला आवडत न्हाई."

"कर बाई तुझे लाड."

खड्ड्यात गोवऱ्यांचा आर झाला, रोडगे त्यात सारले, वरून राख लोटली. पोरी पाणी आणायला हापशावर गेल्या. मी राखणीला थांबले आणि तेवढ्यात बाईंची शिट्टी वाजली.

ती स्वच्छतेची शिट्टी. पदार्थ चाखण्याआधी जागा तपासायची रीत होती. आलो त्या दिवशी जशी होती, तशी करून दाखवायची. शिट्टी ऐकली की माझं डोकं बंद पडायचं आणि हातपाय चालू व्हायचे. फावडं घेतलं, खड्डा मातीनं भरला, वर नाचून नाचून जमीन चोपली, सडा शिंपडला, आणि इतरांच्या पुढं जायचं म्हणून मधोमध रांगोळीचं कमळ काढलं. मैदानात आमच्या जागेसारखी देखणी जागा नव्हती.

पोरी परत आल्या. "रोडगे काढलेस का?"

मी कमळाकडं बघितलं. मग मैत्रिणीनंही बघितलं.

"पुरलेस?"

"हळू बोल."

"मंग दहावं कधी घालायचं?"

एवढ्यात बाई पाहुण्यांना घेऊन आल्याच. पाहुणे म्हणजे शेतीखात्यातले एक साहेब, पांढरे बूट घातलेले. "तुमच्या गटाचा पदार्थ कुठं आहे?" बाईंनी विचारलं.

तोंड उघडलं तेव्हा आपण काय बोलणार, हे मलाही ठाऊक नव्हतं. "बाई, आमच्यात पाहुणा आल्याबिगर रोडगा उघडत न्हाईत. आधी रांगोळी काढायची, आन् मंग पाहुण्यासमोरच जमिनीतून काढायचा."

साहेबांना भरून आलं. अशा परंपरा टिकवल्या पाहिजेत, म्हणाले, आणि बूट काढून रांगोळीपाशी उकिडवे बसले. मी माती उकरली. पानं काळी झालेली, पण आत रोडगे असे खरपूस, की साहेबांनी दुसरा मागितला. मैत्रिणीनं मला मागून एक चिमटा काढला. आमचा गट जिंकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पालक पोत्यांवर बसलेले, मी शेकोटीपाशी, हातात काडेपेटी. बाईंनी सगळ्यांना रोडग्यांची हकीकत सांगितली आणि मायकडं वळल्या. "तुमच्याकडची ही रीत फार सुंदर हो."

मायनं माझ्याकडं बघितलं. काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली.

माय पदर सावरत म्हणाली, "हां बाई. बिलकुल. रांगोळी न्हाई काढली तर आमच्यात रोडगा वर येतच न्हाई."

तिसरी काडी लागली. शेकोटी भडकली, टाळ्या पडल्या, आणि मी त्या उजेडात अशी उभी राहिले, की जणू सूर्य मीच उगववलाय.

परतीच्या बसमध्ये मायनं आमची तिकिटं पदराला बांधली. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "आमुशाला तुझा मामा येऊन राह्यलाय. रोडगे तू करायचे. रांगोळीसकट."

मी केले. आर मायनं पेटवून दिला, मी खड्डा भरला, नाचले, सडा घातला. कमळ तर शिबिरापेक्षा सरस. फक्त पानं गुंडाळली नाहीत. ते त्या पोरीचे लाड, असं माझं पक्कं मत होतं. मामानं पहिला घास घेतला आणि कर्रकन् आवाज आला. सगळी पंगत थांबली.

मायनं शांतपणे मामाच्या ताटात तूप वाढलं. "खा दादा. शिबिराची रीत हाय." आणि आपला रोडगा तिनं मातीसकट पूर्ण संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला चुलीपुढं बसवलं आणि हातात काडेपेटी दिली. तिथं टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. चूल काही केल्या पेटेना.

"फुंक," माय म्हणाली. "का साहेब येईस्तोवर थांबायचंय?"