शेवंताने लावलेलं कुंकू

मुलांनो, आरशात पाहिलं तर कपाळावरचं कुंकू अजून गोल आहे. आज ते तुरुंगात लागलं.

तिथे कैदी बायकांची दारू सोडवणारा वर्ग चालतो. शिकवणाऱ्या बाईंचं मानधन थांबल्याने तो बंद पडत होता. म्हणून यंदा संक्रांतीला आमच्या मंडळाने वाट्यांचं वाण न लुटता ते पैसे वर्गाला दिले आणि हळदीकुंकूही तिथेच केलं.

कुंकू लावायला वर्गातली शेवंता पुढे आली. पूर्वी तिच्या हातातला पाण्याचा पेलाही हिंदकळायचा म्हणे. आता हलते ती माझी मान, वयाने.

"आजी, हलू नका. वाकडं लागलं तर म्हणतील, शेवंता परत प्याली!"

सगळ्या हसल्या. तिने माझी हनुवटी धरली आणि कुंकू रेखलं. "सुटल्यावर लेकीला असंच लावीन," ती हळूच म्हणाली. "तोवर वर्ग राहील ना?"

स्थिर व्हायला प्रत्येकालाच कुणाचा तरी हात लागतो, असं तेव्हा वाटलं.

आधी वाट्यांसाठी हटून बसलेल्या आमच्या मंडळातल्या कुसुमताई परतताना रिक्षात म्हणाल्या, "नाहीतरी घरात वाट्या ठेवायला जागा कुठंय? पुढच्या वर्षीही इथेच येऊ."