प्लग माझ्या हातात होता

आधीच सांगते, आमच्या घरात देव्हारा नाही, कधीच नव्हता. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी यथेच्छ टिंगल केली आहे. त्यामुळे हे लिहायला लाज वाटतेय... पण लिहिते.

चाकणला एका प्रेस पार्ट्सच्या कारखान्यात मी आयटी बघते. तिथलं डिस्पॅचचं सॉफ्टवेअर फार जुनं. ते लिहिणारा माणूस वारला, आणि ज्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर ते चालतं तो बंद पडला तर गाड्या गेटवरच उभ्या राहणार. ते नव्या प्लॅटफॉर्मवर पुन्हा लिहायचं की आहे तेच रेटायचं, हे मालक माझ्या शब्दावर ठरवणार होते. माझं उत्तर पक्कं होतं — नवीन लिहायचं.

खंडेनवमीला सकाळी सगळी मशीन बंद, हार घातलेली. डिस्पॅचच्या लताताईंनी त्या कॉम्प्युटरचा प्लग काढून माझ्या हातात दिला आणि मॉनिटरला हळदकुंकू लावायला घेतलं. यूपीएस केव्हाच भंगारात गेलेला. मी सहज म्हणाले, "ताई, याची ही शेवटचीच पूजा. लवकरच काढून टाकायचाय."

"मॅडम, आज हत्यारासमोर असं बोलू नये हो!"

आणि स्क्रीन उजळला. रोजचा निळा मेनू, लुकलुकणारा कर्सर. प्लग माझ्या मुठीत होता... पिना तळव्याला टोचत होत्या.

"हात जोडा आधी!" लताताई ओरडल्या.

मी जोडले. प्लगसकट जोडले. डोळे उघडले तेव्हा स्क्रीन काळा होता.

दसऱ्यानंतरच्या मीटिंगमध्ये मी म्हणाले, "डेटा नव्या सिस्टिममध्ये नेण्यात रिस्क आहे सर, सध्या जुनंच राहू द्या." धादांत खोटं! मी फक्त घाबरले होते.

मालक म्हणाले, "बाकीचे भावनेनं बोलतात. तुम्ही विचार करून सांगता, म्हणून ऐकतो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग तपासून घेतलं, काही सापडलं नाही.

मीटिंग झाली त्या संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "काय ठरलं गं?" कंपनीत ओव्हरटाइम कर-करून त्यांनी मला इंजिनिअर केलंय. त्यांनाही मी तीच डेटाची थाप मारली.

"बरोबर केलंस," ते म्हणाले. "पुरतं तपासल्याशिवाय कशाला हात लावू नये."