वाऱ्याविरुद्ध गेलेली राख

भूत, चकवा, अंगात येणं ही सगळी मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरची दुखणी मानत आलो. वाशीमच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचो, दुसरं काय मानणार! तरी एक सकाळ अजून मला पटत नाही, म्हणून लिहितो...

दुसऱ्या महायुद्धाच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मेडशीच्या पुढे जंगलाचा एक तुकडा बरीच वर्षं बंद होता, तो त्या हिवाळ्यात शिकारीला खुला झाला. पहिला परवाना आमच्या गावच्या रावसाहेबांना मिळाला. सरकारनं दिलेली ही पदवी नवी, म्हणून टोपीही नवी. चितळासाठी मचाणाच्या जागा ठरवायला ते घडीची खुर्ची, होकायंत्र, एक इंग्रजी शिकारपुस्तक आणि मला घेऊन निघाले. मी कशाला? तर ते पुस्तक समजावून सांगायला.

माग काढायला होता भिकाजी – साठीचा, काटकुळा. कमरेला लुगड्याच्या तुकड्याची जुनी पिशवी, तिच्यात चाळलेली राख. झाडाखाली उभं राहून तो चिमूटभर सोडायचा. राख जिकडे उडेल तिकडे आपला वास जाणार. जनावर त्याच बाजूनं येत असेल तर ते झाड बाद.

"अरे, होकायंत्र आहे ना," रावसाहेब म्हणाले.

"थे उत्तर दाखवते, मालक. चितळ कुठं उत्तर पाहून येते?"

रावसाहेब खुर्ची उघडून चहाला बसले. आम्ही दोघं पुढे नाल्याकडे निघालो. वारा समोरून, थेट तोंडावर येत होता. पहिल्या मोहाखाली भिकाजीनं राख सोडली... आणि ती समोर गेली. वाऱ्यात शिरून, नाल्याकडे.

मी विडी पेटवली. धूर माझ्या कानावरून मागे गेला. त्यानं पुन्हा राख सोडली – पुढे! दुसऱ्या झाडाखाली तेच, तिसऱ्याखालीही तेच. भिकाजी माझ्याकडे वळला.

"मास्तर, हससान नाई त सांगतो. माही बायको इथंच हाय."

"इथं?"

"आमची वस्ती होती इथं. मानमोडीच्या तापात सगळी गेली. सरण रचाले मानूस उरला नाई, मीच पुरली तिले. डोक्यापाशी तिच्या जात्याची खालची तळी ठेवली. मंग जंगल बंद झालं. तीनदा चोरून आलो, जागा सापडली नाई." पिशवीवरून त्यानं अंगठा फिरवला. "हे तिनंच शिवली. आता गुडघे गेले, मास्तर. आज नाई सापडली, त मंग राह्यलंच."

आम्ही राखेमागे गेलो.

नाल्याच्या काठी घाणेरीच्या जाळीत भिकाजी थांबला. वर अर्जुनाची पानं सळसळत होती. त्यानं चिमूट सोडली आणि राख सरळ खाली पडली. दोरी सोडावी तशी. त्यानं पालापाचोळा बाजूला केला. खाली जात्याची तळी होती, मधल्या भोकातून गवत आलेलं.

तो तिथंच बसला. दगडावरची माती हातानं पुसत म्हणाला, "काव, लय वाट पाहाले लावली ना तुले..."

मी नाल्याकडे तोंड करून उभा राहिलो.

तेवढ्यात रावसाहेब आलेच. "वा! पाणी आहे, खुरांचे माग आहेत, झाड तर किल्ल्यासारखं. पहिलं मचाण इथेच!"

भिकाजीनं माझ्याकडे पाहिलं.

"इथे नाही जमणार, रावसाहेब," मी म्हणालो. "वारा फिरतोय. पुस्तकाच्या बाराव्या प्रकरणात अशा जागेला सक्त मनाई आहे."

"हो हो, बारावं प्रकरण," रावसाहेब गंभीरपणे म्हणाले. "माझ्या लक्षात होतंच."

पुस्तकात प्रकरणं दहाच होती.

मचाण दोन फर्लांग दूर बांधलं. त्या हंगामात रावसाहेबांना एकही चितळ दिसलं नाही, याचं श्रेय मात्र त्यांनी मला दिलं.

नंतर मी तशी राख शाळेत, गच्चीवर, नदीकाठी सोडून पाहिली. दर वेळी वाऱ्याबरोबर गेली. खोलगट भागातले उलटे झोत, हवेचे थर, सगळं वहीत मांडून पाहिलं... पण मग धूर का मागे गेला?

पुढच्या हिवाळ्यात भिकाजीबरोबर पुन्हा त्याच वाटेनं गेलो. त्याच मोहाखाली, त्याच पिशवीतली राख सोडायला लावली. शहाण्या मुलासारखी ती वाऱ्याबरोबर मागे गेली.

"काहून रे भिकाजी? आज काहून नाही?"

तो तेव्हा माझ्यापुढे चार पावलं निघून गेला होता, हातात तेलाची लहान पणती. न वळताच म्हणाला,

"आता मले रस्ता मालूम हाय ना, मास्तर."