व्हिजिटपुरता पंखा

आम्ही चार निवृत्त माणसं एकत्र बसलो की किस्से निघतात, आणि बंगळूरच्या एकाच सरकारी कारखान्यातले असल्यामुळे ते निम्मे खोटेपणाचेच निघतात. बाकीचे हसतात. मला अजून राग येतो. गंमत म्हणजे आमच्याकडे 'फसवणूक' हा शब्द कोणी कधी उच्चारला नाही. त्यासाठी इंग्रजी शब्द होते, आणि इंग्रजीत म्हटलं की लबाडीलाही इस्त्री बसते.

*

मी नोकरीला लागलो त्याच आठवड्यात दिल्लीहून बडे अधिकारी येणार होते. सकाळपासून दोन माणसं झाडांची पानं ओल्या फडक्यानं पुसत होती. भाड्याच्या कुंड्या गेटपासून ऑफिसपर्यंत मांडल्या होत्या. शेजारच्या टेबलावरच्या गोडबोल्यांना मी विचारलं, हे काय चाललंय?

"आयवॉश," ते चहा ढवळत म्हणाले. "नवीन आहात. सवय होईल."

सवय झाली, हेच वाईट.

*

त्याच दिवशी पॉलिशिंगच्या खोलीत रंगाण्णांची ओळख झाली. हे निपाणीकडचे, मराठी-कन्नड दोन्ही घरची. दिवसभर फिरत्या चाकावर पितळी भाग घासायचे. खोलीला एकच खिडकी, आणि धूळ अशी की दुपारपर्यंत त्यांच्या भुवया पिवळ्या होत. खोकला तर कायमचा. पण त्या दिवशी भिंतीत मोठा एक्झॉस्ट फॅन फिरत होता आणि खोली स्वच्छ होती. पाहुण्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर फॅनच्या जागी पत्रा ठोकलेला! फॅन आमच्या साहेबांच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरातून आणला होता, तिथं परत गेला. रंगाण्णांनी अर्ज केला. साहेबांनी तो न वाचता बाजूला ठेवला.

"बंगळुरात पंखा कशाला?" ते म्हणाले. "लोक इथं हवा खायला येतात."

आणि यांच्या सांबाराच्या वाफेला मात्र पंखा!

*

'डमी' हा पुढचा शब्द. एका प्रदर्शनात आमचं नवं लेथ मशीन ठेवायचं होतं, पण ते तयारच झालं नव्हतं. मग सुतारांनी हुबेहूब लाकडाचं बनवलं आणि वर राखाडी रंग दिला. चिकपेटेतले एक हार्डवेअरचे व्यापारी आले, सगळीकडून फिरून त्यांनी बघितलं आणि बोटातल्या अंगठीनं हळूच टकटक केलं.

"लाकूड चांगलं आहे," ते कन्नडात म्हणाले. "माझ्या मुलीच्या लग्नाला कपाट करून द्याल काय?"

साहेब सर्वांबरोबर हसले. मी माहितीपत्रकं वाटत होतो. त्यांत ते मशीन मिनिटाला किती फेरे घेतं, हेही छापलं होतं.

*

बाद झालेल्या ओतीव भागांचा ढीग मागच्या आवारात छातीइतका वाढला, तेव्हा 'कॅमोफ्लाज' आला. आमचे सिक्युरिटी ऑफिसर लष्करातून आलेले. त्यांनी ढिगावर ताडपत्री टाकली, वर माती, मातीत झेंडू. परदेशी पाहुणे आले ते नेमके तिथंच थबकले. इतकी सुंदर टेकडी कारखान्यात! सर्वांना उभं करून त्यांनी फोटो काढला. तो फ्रेम होऊन अनेक वर्षं साहेबांच्या केबिनमध्ये होता. त्यात कोपऱ्यात मीही हसतोय.

*

आता माझा स्वतःचा शब्द सांगतो: 'फॉरमॅलिटी'. सेफ्टीचं रजिस्टर माझ्याकडे होतं. दर तीन महिन्यांनी त्यात पॉलिशिंगच्या खोलीपुढे 'फॅन बसवलेला, चालू' असं लिहून मी सही करायचो. पत्रा डोळ्यांनी बघून यायचो आणि लिहायचो. एकदा रंगाण्णांनी ते पान बघितलं. त्यांना इंग्रजी जेमतेम वाचता यायचं, पण तेवढं आलं.

"तुम्हीपण, साहेब?" एवढंच म्हणाले आणि खोकत चाकाकडे गेले. त्यांनी ओरडायला हवं होतं. पुढच्या तिमाहीला मी पुन्हा सही केली. साहेबांवर मी जितका चिडतो, त्याहून जास्त त्या सहीवर चिडतो.

*

मला नोकरीत दोन वर्षं झाली तेव्हा मोठी कमिटी यायची ठरली. डॉक्टरांनी रंगाण्णांना सांगितलं होतं की धुळीतून बाहेर पडा, नाहीतर छाती जाईल. दुसरं काम मागितलं तर साहेब म्हणाले, व्हिजिट होऊ दे. सर्वांना बोलावून त्यांनी बजावलं, खोलीतली वस्तूनवस्तू चमकली पाहिजे. फॅन स्वयंपाकघरातून आला, चार बोल्टांवर चढला, कमिटीनं पाहिला, कमिटी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पाने घेऊन तो उतरवायला आले. पाना लावला, सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. चारही नटांचे सहाच्या सहा कोपरे घासून गेलेले. नट गोल गुळगुळीत, आरशासारखे. धरायला पान्याला कडच नाही. भिंत फोडावी तर कमिटी आदल्या दिवशीच खोलीचं कौतुक लिहून गेलेली.

साहेब स्वतः आले. नटांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, रजिस्टर आणा. मी आणलं. दोन वर्षांचं 'बसवलेला, चालू', खाली माझी सही, आणि प्रत्येक पानावर त्यांचीही. ते पानं उलटत राहिले.

"कोणी केलं हे?" त्यांनी शेवटी विचारलं.

रंगाण्णा चाकापाशी उभे होते. त्यांनी हात फडक्याला पुसले.

"मी, सर. चमकवायला तुम्हीच सांगितलं होतं," ते म्हणाले, आणि पंख्याचं बटण दाबलं.