जाण्यापुरती बॅटरी

महानंदाकाकू घरातून निघताना सायकलच्या बॅटरीचे दिवे बघायच्या नाहीत, स्वतःची नखं बघायच्या. अडलेल्या गाईच्या पोटात हात घालायचा तर नख वाढलेलं चालत नाही. देवणीच्या आसपास गाय अडली आणि डॉक्टर लांब असले, की लोक काकूंना फोन करत. लेकीने त्यांना इलेक्ट्रिक सायकल घेऊन दिली, तेव्हा मीही तसलीच घेतली.

माझा स्वभाव चिक्कू. बॅटरी किती उरली ते दाखवणाऱ्या चार दिव्यांतले दोन गेले, की असेन तिथून मी माघारी. काकू हसायच्या. "गुर्जी, जायापुरती असली की बास. येताना कुणाला घाई हाय?" आणि येताना खरोखरच ती अवजड सायकल पायडल मारत आणायच्या. कुणी टेम्पोत घालतो म्हणाला तर म्हणायच्या, "नगं बाबा. वासरू बघून आले, पाय आपोआप चालतेत."

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी माझी गाय अडली. पहिलंच वेत. वासराचा एक पाय आत दुमडलेला, नुसतं नाक दिसत होतं. गाईने डोळे फिरवले तसा माझा धीर सुटला. आमचं गाव देवणीपासून लांब, त्यात गावाच्या तोंडाशी उभा चढ. काकू आल्या त्या घामाने निथळत.

"बॅटरीची सायकल असून एवढा घाम?"

"ऊन लई हाय," एवढंच बोलल्या. दंडापर्यंत गोडेतेल चोळलं आणि हात आत घातला. "दम धर माय, मी हाय," असं गाईला सांगत त्यांनी वासरू मागे सारलं, पाय सरळ केला. वासरू बाहेर पडलं, पण हलेना. काकूंनी त्याच्या नाकातला चिकटा काढून गवताची काडी फिरवली. वासरू शिंकलं. बायको रडायला लागली. मीही रडलो, कशाला लपवू? सायकल चार्जिंगला लावतो म्हटलं, तर काकू उठल्यासुद्धा. "नगं, आता उतारच हाय."

यंदाच्या थंडीत काकू झोपेतच गेल्या. लेक म्हणाली, "गुर्जी, सायकल तुमीच न्या. तुमी जपून चालवता, आई म्हणायची." चारही दिवे लागेपर्यंत चार्ज करून मी निघालो. थोडं अंतर गेलो नाही तोच सगळे दिवे विझले. वायर सुटली असेल म्हणून माघारी आलो.

"न्हाई हो, बॅटरी म्हातारी झाली," लेक म्हणाली. "दोन वर्सं झाली, एवढीच जाती. नवी घेऊ म्हणलं की आई म्हणायची, चढापुरती हाय की. सपाटीला पाय हायत. चढावर बॅटरी लावली की हातातला जोर ऱ्हातो."

त्या दुपारी काकू चढाच्या पायथ्यापर्यंत पायडल मारत आल्या होत्या, आणि मी त्यांना घामाचं विचारत होतो.

मीही तसाच निघालो. बॅटरी आधीच संपवून बसलेलो, त्यामुळे चढावर सायकल ढकलत नेली. घरी पोचून थेट गोठ्यात गेलो. वासरू आता चांगलं उंच झालंय. त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर सायकल ढकलून माझा हात थरथरत होता. त्या दुपारी गाईच्या पोटात काकूंचा हात जरासुद्धा थरथरला नव्हता.