केसरबाईचा कोरडा पदर

थेरगावात केसरबाईच्या पाळणाघराला पाटी नाही, पण डांगे चौकात कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, थेट दारात आणून सोडील. कंपनीत जाणाऱ्या बायांची पाच लेकरं ही बाई सांभाळते आणि तोरा कसला मिरवते, तर तीस वर्षांत एकाही लेकरानं तिचा पदर भिजवला नाही! लेकरू नुसतं शहारलं की उचलून मोरीत धरते, 'शूऽऽ' करते, काम फत्ते. ऐकणारा मिळाला की हा विक्रम पार पहिल्या लेकरापासून सुरू होतो.

तर परवा काय झालं, त्या पाचांतल्या पिंकीला, विजयश्रीच्या नऊ महिन्यांच्या लेकीला, उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. केसरबाईनं बसल्या जागी निकाल दिला की दात येतायत, दूध बंद करा. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंकी मलूल, डोळे खोल, शूचा पत्ता नाही. मग मात्र विजयश्रीनं चाकणच्या शिफ्टला दांडी मारली आणि दोघी डॉक्टरीणबाईंकडे धावल्या.

त्यांनी दातांचा विषयच उडवून लावला. हा विषाणू आहे, म्हणाल्या, हातांवरून तोंडात जातो आणि अँटिबायोटिकला जुमानत नाही. अंगावरचं दूध चालू ठेवा, झिंक द्या, ओआरएसची पुडी उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून चमच्यानं पाजा. चारपर्यंत शू झाली नाही, किंवा पोर आणखी गळली, तर भरती करून सलाईन लावायचं. एवढं सांगून त्या थांबल्या, कारण केसरबाई पदरानं पिंकीचं तोंड पुसत होती. सगळ्यांना हाच पदर का, त्यांनी विचारलं. बाईनं पदर चटकन मागं घेतला. पाच लेकरांची नाकं, तोंडं, हात, सगळा कारभार त्या एका पदरावर चालायचा!

घरी येऊन तिनं लुगडं बदललं, साबणानं कोपरापर्यंत हात घासले आणि पिंकीला मांडीवर घेतलं. एक चमचा, जरा दम, पुन्हा चमचा. ओकली की दहा मिनिटं थांबायचं. मधेमधे विजयश्री अंगावर पाजायची. दोन वाजले, तीन वाजले. केसरबाई हातातला चमचा खाली ठेवत नव्हती. आपल्याच पदरानं लेकरू आजारी पडलं असेल, हे तिच्या जिवाला लागलं होतं.

पावणेचारला पिंकी शहारली. केसरबाईची सवय ठाऊक असलेली विजयश्री तिला उचलून मोरीत न्यायला धावली.

"राहू दे गं," केसरबाई म्हणाली. "इथंच होऊ दे."

आणि झाली की हो! मांडी भिजली, धुतलेलं लुगडं भिजलं, पदराचं टोक टपटपायला लागलं. केसरबाई हसता हसता रडायला लागली, आणि शेजारच्या मंजुळाबाईला हाका मारून ओला पदर दारातूनच दाखवला. आनंदानं पोरीला पोटाशी धरून दोन गिरक्याही घेतल्या, गुडघे दुखतात हे विसरून.

आता ती तीस वर्षांचा विक्रम सांगत नाही. तो कसा मोडला ते सांगते, पण आधी समोरच्याला साबणानं हात धुवायला लावते.